मी ओ दिली नाही

आधीच कबूल करते, या सदरातले अनुभव आम्ही होस्टेलच्या मुली मोठ्याने वाचतो ते हसण्यासाठी. वडाखालची बाई, उलटे पाय, मग तीन दिवस ताप... सगळ्यात जास्त टर मीच उडवते. अठरा वर्षांची आहे, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, आणि फिजिक्स माझा आवडता विषय. भूतबीत मी मानत नाही, शाळेत असतानाही मानत नव्हते. पण एक गोष्ट तीन वर्षांपासून माझ्याजवळ पडून आहे आणि तिच्यावर मला हसता येत नाही.

माझं गाव मोहाडी, जिल्हा भंडारा. आमच्याकडे राखीच्या दुसऱ्या दिवशी भुजली असते. टोपलीत उगवलेली गव्हाची पिवळी रोपं डोक्यावर घेऊन बायका-मुली तलावावर जातात, ती पाण्यात शिरवतात आणि थोडी रोपं मागे ठेवतात. ज्या दोघी ती एकमेकींच्या कानामागे खोचतात, त्या जन्माच्या मैत्रिणी होतात. मग नाव घ्यायचं नाही, एकमेकींना 'भुजली' म्हणूनच हाक मारायची. आणि भुजलीची हाक आली की हातातलं काम टाकून ओ द्यायची, असं आई सांगते.

सातवीत असताना मी अशी एक भुजली केली. मागच्या गल्लीत राहायची, वडील आरागिरणीत मिस्त्री होते. तिला सारखी तहान लागायची. शाळेच्या व्हरांड्यात रांजण होता, त्याला साखळीने बांधलेला पितळी पेला. दर तासाला ही तिथे! आणि प्यायच्या आधी तो पेला रांजणाच्या काठावर दोनदा वाजवायची... कशासाठी, देव जाणे. वर्गात बसून आम्हाला कळायचं की बाईसाहेब पाणी पिऊन राहिल्या.

नववी संपली आणि तिच्या वडिलांना भोपाळला काम मिळालं. जाताना मला म्हणाली, "भुजलीच्या सणाले मी येतोच. तुही शप्पथ."

आली नाही. मी हातात रोपं धरून तलावावर शेवटपर्यंत थांबले, ती पार सुकून गेली. माझा राग म्हणजे नाकावरच बसलेला! तिची दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. मग दिवाळीच्या थोडं आधी तिसरं आलं. ते मला पाठ आहे.

"भुजली, सणाले बाबांनी धाडलं नाही, माहा काही दोष नाही. इथं सारं हिंदीत शिकवतेत, मले काही समजत नाही. अन् करमत तर बिल्कुल नाही. दहावी तिथंच करतो म्हणलं तर बाबा हो म्हणून राहिले. मले तुमच्या घरी ठेवसान काय? हेडमास्तरले विचार अन् लवकर लिही."

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "येऊ दे ना पोरीले! एका ताटानं का फरक पडते? उद्याच विचार अन् चिठ्ठी टाक."

मी हो म्हटलं आणि पत्र भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं. थांबू दे तिलाही थोडं, मी नव्हते का थांबले? दिवाळी गेली. मग पंतप्रधानांची हत्या झाली, शाळेच्या मैदानावर आम्ही मौन पाळलं, आणि न लिहायला मला आणखी एक निमित्त मिळालं.

तीन डिसेंबर १९८४, सोमवार. बारा वाजायचे होते, गणिताचा तास चालला होता. सर फळ्याकडे तोंड करून प्रमेय लिहीत होते. तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला.

"ओ भुजली!"

घसा बसलेला होता, पण आवाज तिचाच. शेजारी बसलेल्या पमीने मला कोपर मारलं. "तुले बोलावून राहिली ना व! कवा आली ते?"

मला इतका आनंद झाला की छातीत धडधडायला लागलं. आली! उत्तराची वाट न बघता आली! आणि लगेच तो मेला राग आडवा आला. राहू दे उभी जराशी, म्हटलं. मी वहीत मान खाली घातली.

मग पेला दोनदा वाजला. थोडा वेळ काहीच नाही... आणि पुन्हा हाक आली, या वेळी हळू, खोकल्यात अडकलेली. आता सरही वळले.

"कोण आहे बाहेर? तुला हाक मारून राहिली काय ती? जा, पाहून ये."

मी मुद्दाम सावकाश गेले, चेहऱ्यावर रुसवा नीट बसवून. व्हरांड्यात कोणी नव्हतं. मैदान फाटकापर्यंत रिकामं होतं. रांजणाशी पेला साखळीवर हलत होता. मी तो धरला तर आतून कोरडा ठणठणीत. सोमवार होता, शिपायाने रांजण अजून भरलाच नव्हता.

संध्याकाळी बाबांच्या ट्रान्झिस्टरवर भोपाळचं नाव ऐकलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तरांनी सगळं सांगितलं. रविवारी रात्रीच विषारी वायू सुटला, लोक जळत्या डोळ्यांनी रस्त्यांवर धावत होते, पाणी मागत होते. त्या वर्षी आमच्या शाळेने दुसऱ्यांदा मौन पाळलं. पमीने माझा हात घट्ट धरला होता.

त्यानंतर मी लिहिलेलं पत्र परत आलं. बाबा स्वतः भोपाळला जाऊन आले, तर तिच्या खोलीला कुलूप. शेजारचा एक जण म्हणाला, ते स्टेशनकडे पळाले. दुसरा म्हणाला, दवाखान्यात नेलं. यापुढे काहीही कळलेलं नाही.

गावातली कोणी पोरगी असेल, असं सर आता म्हणतात. असेलही. पण मला भुजली म्हणणारी गावात दुसरी कोणी नाही, आणि पमीनेही तो आवाज ओळखला होता. त्या दुपारी ती जिवंत असेल तर हाक इथे कशी आली? आणि नसेल तर... हे वाक्य मी पूर्ण करत नाही. माझ्या फिजिक्समध्ये याचं उत्तर नाही, वाचकांपैकी कोणाकडे असेल असंही वाटत नाही. मला उत्तर नकोच आहे. मी लिहिलं असतं तर ती त्या दिवशी आमच्या घरी असती, एवढं मला पक्कं कळतं.

यंदा तलावावर पमीने माझ्या कानामागे रोप खोचायला हात उचलला. मी मान मागे घेतली. एक भुजली असताना दुसरी करत नाहीत.

तिचं नाव मी इथेही लिहिलेलं नाही. वाचलं तर तिला बरोबर कळेल. भुजली, माहं चुकलं व. आई अजून म्हणते, एका ताटानं का फरक पडते. तू ये. ओ देऊन राहिली मी, आयकू येते काय तुले?