ढमढेरे, कुंदा

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सुलक्षणा शितोळे आपल्या शोधनिबंधाची संदर्भसूची जुळवत बसली होती. कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी किडीवरचा हा निबंध सकाळी फ्लॉपीसकट जर्नलकडं जायचा होता. आधी आडनाव, मग नाव, मग साल, असा जर्नलचा नियम. ती सांगत होती, नवरा कॉम्प्युटरवर टाइप करत होता. 'ढमढेरे, कुंदा' या नोंदीपाशी विक्रमची बोटं थांबली.

"ही तूच ना? मग आताचं नाव घालतो."

"नको. छापलंय तसंच द्यायचं असतं."

तो लेख तिचा लग्नाआधीचा. लग्नात विक्रमनं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुलक्षणा' लिहिलं, आणि कुंदा शिरूरच्या मांडवातच राहिली. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"आता कशाला ते उकरून काढतीस? अण्णांनी बघितलं तर सुनेला काय म्हणतील?" असं म्हणत त्यानं ती ओळ पुसून 'शितोळे, सुलक्षणा' केलीसुद्धा.

"अहो, या नव्या नावानं तो जुना लेख कुठंच सापडायचा नाही. लोक मला खोटारडी ठरवतील."

"मग दोघी एकच हायत, हे कळणार कसं लोकांना?"

कीबोर्ड तिनं आपल्याकडं ओढला आणि ती नोंद पहिल्यासारखी केली. मग ती थेट पहिल्या पानावर गेली. तिथं शीर्षकाखाली लेखिका म्हणून सुलक्षणा शितोळे होती. तिनं ते नाव पुसलं आणि त्या जागी कुंदा ढमढेरे लिहिलं.

"आता कळंल," ती म्हणाली.