भिंतीला कान लावणारे रज्जाकभाई

रज्जाकभाई वायरमन घरात आले की आधी भिंतीला कान लावायचे. चहापाणी, खुशाली सगळं मागाहून. आम्ही बायका हसायचो, तर ओठावर बोट ठेवून म्हणायचे, "जरा गप बसा वहिनी, वायर कुरकुर करती का ऐकू द्या." राहायला ते जुन्नरला, पण पिंपरी पेंढारला आमच्या अख्ख्या आळीचं वायरिंग त्यांच्याच हातचं. माणूस रागीट, गोडखाऊ आणि तोंडाचा लई फटकळ.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. माझी लेक बाळंतपणाला आली होती. पाणी तापवायला हीटर लावला की फ्यूज उडायचा. आता बाळंतिणीला गार पाणी कसं द्यायचं? वैतागून आमच्या मालकांनी फ्यूजमधली बारीक तार काढून चांगली जाड तार पिळून बसवली. "आता उडून दाखव म्हणावं!" आणि खरंच, पुन्हा उडला नाही. आम्ही खूश!

बारशाला अवसरीहून विहीणबाई आपल्या लेकीला घेऊन आल्या. घर बायकांनी भरलेलं, मोरीत हीटर चालू, आणि पाळणा नेमका लाइटच्या बोर्डाखाली. आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली. रज्जाकभाईंनाही बोलावणं होतंच. त्यांनी आल्या आल्या भिंतीला कान लावला आणि कुणाला न विचारता मेन स्विच खाली ओढला. पंखा, दिवे, टेपवरची सनई, सगळं ठप्प.

विहीणबाई कडाडल्या, "ऐन नाव ठेवताना दिवा घालवला! ही कसली अवदसा?"

"नाव उद्याबी ठेवता येतं, विहीणबाई. आदी तान्ह्या पोरीला भाईर न्या."

माझ्या लेकीनं बाळ उचलून अंगणात नेलं. रज्जाकभाईंनी बोर्ड खोलला, तर मागची लाकडी पट्टी कोळसा झालेली, वायरचं रबर वितळून ओघळलेलं. एक जॉइंट ढिला पडून आतल्या आत ठिणग्या टाकत होता. मालकांची ती जाड तार त्यांनी पकडीनं उपसली आणि मालकांच्याच हातावर ठेवली. "ह्यो फ्यूज व्हय राव? बैल बांधायचा व्हता का ह्याला? अवो, फ्यूज मरतो म्हनून घर जगतं."

बारसं मग अंगणातच मांडलं. मघाच्या बोलण्यानं विहीणबाईंना मात्र चैन पडेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "भाऊ, पाळण्याला पयला झोका तुमी द्या."

"हात काळं हायेत माझं."

"असू द्या."

पुढं बऱ्याच वर्षांनी रज्जाकभाई गेले. निरोप मिळाला तशी मी जुन्नरला धावले. पाहते तर माझ्याहून लांबून, अवसरीहून जीप बदलत आलेल्या विहीणबाई रज्जाकभाईंच्या बायकोचा हात धरून बसलेल्या.

"उशीर केलात," मला म्हणाल्या आणि सरकून जागा दिली.