आपा मलावीहून परतल्या त्यानंतर

येवल्याहून रफिकभाईंचा फोन आला तेव्हा मी गंगापूर रोडवर भाजी घेत होते. "ताई, आपा गेली... सकाळी चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत..." रफिकभाईंची ही थोरली बहीण शहनाज, आम्हा सगळ्यांची आपा. आपांनी आणि मी नाशिकच्या एकाच हॉस्पिटलात नर्स म्हणून उभी हयात काढली, निवृत्तही मागेपुढेच झालो. मी नातवंडांत रमले. आपांनी लग्न केलं नव्हतं, घरात बसवेना. एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात काम करायला त्या थेट मलावीला गेल्या. पैठणीच्या मागाशेजारी वाढलेली बाई आफ्रिकेतल्या खेड्यांत निघाली, याचं आम्हाला कोण अप्रूप!

त्या परतल्यावर आम्ही मैत्रिणींनी सत्कार ठरवला, तर म्हणाल्या, "नको गं. शाल अंगावर घेववणार नाही मला." पुढे कधीतरी माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता त्यांनी सांगितलं. एका गावात दिवसभर रांग चालली होती. मलेरिया तपासायच्या पट्ट्या संपलेल्या, नदीला पाणी चढत होतं, ड्रायव्हर घाई करत होता. निघता निघता एक बाई तापलेली मुलगी घेऊन आली. "हात लावून बघितलं मी, सुनंदा. पोर हसली माझ्याकडे बघून. वाटलं, निभेल. तापाचं औषध दिलं आणि पुढच्या मुक्कामाला आण म्हटलं." पुढच्या मुक्कामाला ती बाई चालत आली... एकटीच. ओरडली नाही, रडली नाही. उरलेल्या औषधाची बाटली तिने टेबलावर ठेवली आणि काहीतरी पुटपुटली. तिथल्या नर्सने आपांना अर्थ सांगितला, दुसऱ्या कुणाच्या लेकराला होईल म्हणते.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," आपा म्हणाल्या.

"आणि तिच्यासाठी थांबून गाडी पुरात अडकली असती तर?" मी विचारलं.

"ते मलाही समजतं गं. पण समजून काय करू?"

 

त्यानंतर आपा येवल्याला भावाकडे राहायला गेल्या. ओट्यावर खाट टाकून बसायच्या. कुणी आजारी लेकरू घेऊन आलं की स्वतः रिक्षात बसून दवाखान्यात जायच्या, डॉक्टर तपासेपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. "जेवून तरी जा," म्हणत रफिकभाई वैतागायचे. या धावपळीत आपांची स्वतःची छाती दुखत होती, हे मात्र त्यांनी कुणालाच कळू दिलं नाही. मलाही नाही... आणि मी नर्स!

गेल्या आठवड्यात मी येवल्याला गेले. रफिकभाईंशी बोलत ओट्यावर बसले होते, तेवढ्यात एक बाई पोराला खांद्यावर टाकून आली. तिला काहीच माहीत नव्हतं. "आपा हायेत का? पोराचा ताप उतरंना." रफिकभाईंनी सांगितलं तशी ती आपांच्या खाटेवर बसली. मी पोराच्या कपाळाला हात लावला. ताप फार नव्हता. तरी उठले, चपला शोधू लागले... तोवर रफिकभाई भर रस्त्यात उभे राहून रिक्षाला हात करत होते.