सर्वपित्रीची उपडी पत्रावळ

मंडलोईंच्या घरावर कुणीतरी करणी केली आहे, असं आमची देवासची कॉलनी एका दुपारी तासभर मानत होती. ती मी केली होती.

सांगते. आमचे हे गेले तेव्हा मागे स्कूटर राहिली आणि कुत्रा राहिला. स्कूटरला गिऱ्हाईक मिळालं, कुत्र्याला मिळालं नाही. भुऱ्या त्याचं नाव. मला कुत्र्यांची हौस नाही. पण मुलगा आणि सून दोघं कारखान्यात. घरी आले की मोबाईलमध्ये. भुऱ्या निदान माझ्या तोंडाकडे बघतो तरी!

त्याची खोड एकच. एवढी मोठी कॉलनी, पण पोट मोकळं करायला त्याला मंडलोईंचंच फाटक लागायचं. आणि मंडलोई म्हणजे रहिवासी समितीचे अध्यक्ष! त्यांनी मला दोनदा पकडलं. (पकडलं म्हणजे काय, माझ्या गुडघ्यांनी मी पळणार थोडीच!)

"काकीजी, कुत्ता पाला है तो उसकी गंदगी भी उठाओ. तीसरी बार दिखी तो कुत्ता कॉलनी के बाहर!"

"भिया, मिट्टी की चीज है, मिट्टी में मिल जाएगी."

"काकीजी, ये सीमेंट है."

बरोबरच होतं त्यांचं. पण तोंडावर कबूल कोण करतं? मी गुपचूप रद्दी वर्तमानपत्र हातात धरून फिरायला लागले.

मग आली सर्वपित्री अमावस्या. ह्यांची तिथी मुलाच्या ड्यूटीत हुकली होती, म्हणून श्राद्ध त्या दिवशी उरकायचं ठरलं. दुपारी मी गाईचं पान घेऊन निघाले. एका हातात पत्रावळ, दुसऱ्या हातात भुऱ्याची दोरी. कोपऱ्यावर गाईनं वडे, खीर सगळं फस्त केलं, पत्रावळीला मात्र तोंड लावलं नाही. (आमच्याकडच्या गाई आता पानं खात नाहीत, शिकल्या आहेत!) रस्त्यावर टाकायची नाही म्हणून ती पत्रावळ घेऊन मी परत निघाले. आणि मंडलोईंच्या फाटकासमोर भुऱ्या बसला.

वर्तमानपत्र घरी! आत टीव्ही चालू, म्हणजे मंडलोई जागे. मी पत्रावळ त्या घाणीवर उपडी घातली. ती वाऱ्यानं हलायला लागली, म्हणून त्यांच्याच फुलांच्या वाफ्याचा एक दगड काढून वर ठेवला. दोन मिनिटांत घरून कागद आणून उचलू, असा विचार.

घरी गुरुजी पानावर बसलेले. "काकू, वडे आणा." मी वडे आणले. मग भात, मग आमसुलाची चटणी, मग पुन्हा वडे. गुरुजी आठव्या वड्यावर होते तेव्हा बाहेर गलका ऐकू आला आणि मी पळी ठेवून निघाले.

जाऊन बघते तर अर्धी कॉलनी जमलेली. मंडलोई भाभी पायरीवर बसून रडत होत्या.

"अमावस के दिन! उल्टी पत्तल! काले तिल! लाल पत्थर! म्हारी छोरी की सगाई है आठ दिन में, किसकी नजर लगी?"

तीळ श्राद्धाचे, पत्रावळीतून सांडलेले. दगड लाल, कारण वाफ्याला गेरू मंडलोईंनीच लावलेला! पण ऐकतंय कोण? एक म्हणे गोमूत्र शिंपडा, दुसरा म्हणे अमझेऱ्याहून बाबा बोलवा. तिसऱ्याचा ओळखीचा माणूस टोंकखुर्दला होता. खुद्द अध्यक्ष चार हात लांब बांबू धरून उभे.

"अंदर कुछ है," ते कुजबुजले. "पत्तल फूली हुई है!"

सुनेनं मला कोपरानं ढोसलं. "आई, हे पान आपलं आहे ना?"

"हो."

"आणि खाली?"

"भुऱ्याचं."

"अरे बाप रे! आई, घरात चला. एक शब्द बोलू नका, कुत्रा जाईल."

मी वळले होते, खोटं कशाला सांगू! पण तेवढ्यात भाभी ओरडल्या, "सुबह से यहाँ बस रामकन्या आई थी!"

रामकन्या आमची गल्ली झाडते. झाडू टाकून ती पुढे आली. "भाभी, बच्चों की सौगंध, मैंने नी रखी!"

"कल से मत आना."

मी पुढे झाले. "सरका."

"काकीजी, हाथ मत लगाना!"

मी दगड बाजूला केला, पत्रावळ उचलली. सगळ्यांनी डोळे मिटले. नाक मिटता येत नाही, त्यामुळे बातमी आपोआप पसरली.

"ये... ये तो..." मंडलोई.

"हो. भुऱ्याची. तिसरी वेळ. रामकन्याचा काही संबंध नाही."

भाभी उठल्या, टेकडीवरच्या मातेकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. "टट्टी है! अरे, सिर्फ टट्टी है! माता, तेरी बड़ी किरपा!"

कुत्र्याच्या घाणीपुढे कुणी असं गहिवरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी ती उचलली, सगळ्यांसमोर बादलीभर पाणी ओतून सिमेंट घासलं. भाभींनी रामकन्याची माफी मागितली, तिला चहा पाजला. मीही मागितली. "काकी, आप चुप रहती तो मेरा क्या होता?" ती म्हणाली.

मंडलोईंनी घसा खाकरला. "पर नियम तो नियम है..."

"नियम गया भाड़ में!" भाभी म्हणाल्या.

"ठीक है. कुत्ता रहेगा. अब बिना थैली के दिखीं, तो काकीजी, आपको बाहर करूँगा!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कोपऱ्यावर झाकणाचा डबा बसवला आणि पिशव्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. मी आभार मानत फिरणारी बाई नाही, पण मंडलोई नवरा-बायकोचे मानते. भुऱ्या आत्ता माझ्या पायाशी घोरतोय, तो त्यांच्यामुळे. आता पिशवीशिवाय मी उंबरा ओलांडत नाही.

फक्त एक भानगड झाली. हल्ली कुणाच्या दारात लिंबू, मिरची, काळा दोरा काही सापडलं, की माणूस माझ्याकडे धावत येतो. "काकीजी को बुलाओ, वो हाथ से उठा लेती हैं, उनको कुछ नहीं होता!" परवा एका नव्या भाडेकरणीनं तर पदर पुढे करून नमस्कार केला. "माताजी, इतनी सिद्धि कहाँ से पाई?"

मी म्हटलं, "कुत्र्याच्या मागे फिरून!"