आत घेतलेली शिवण

मास्तरांची कात्री जेवढी चाले त्याच्या दुप्पट जीभ. गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप घेता घेता त्याच्या खाण्याचंही माप काढत, आणि तरी तो माणूस हसत पुढचा सदरा त्यांच्याकडेच टाकी. म्हणून त्यांचा आवाज बसला तेव्हा गल्ली म्हणाली, बरं झालं, तेवढीच आमच्या कानांना सुट्टी. पण आवाज काही उठेना. मानेला कोटाच्या बटणाएवढी गाठ आली, पाण्याचा घोट अडकू लागला, तेव्हा शेजारी बसून काज-बटणं करणाऱ्या मास्तरीणबाईंनी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं.

घशाचा कॅन्सर निघाला, तोही बराच पुढे गेलेला. डॉक्टरीणबाईंनी काही झाकून ठेवलं नाही. एक तर आवाजाची पेटीच कापून काढायची, नाहीतर किरणांचा शेक आणि सलाइनमधून औषध, दोन्ही बरोबरीने द्यायचं. दुसऱ्या वाटेने आवाज राहण्याची आशा होती, पण वाट काट्यांची. मास्तरांनी तीच धरली. मास्तरांनी विचारलं, दोन्ही एकदम कशाला? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाने गाठ हळवी होते, मग किरणं जास्त लागू पडतात. हे मास्तरांना लगेच पटलं. चुरगळलेल्या कापडावर नुसती इस्त्री फिरवून भागतं का? आधी पाणी शिंपडावं लागतं. एक गोष्ट मात्र डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावली. खाणं तुटलं, वजन उतरलं, तर उपचार मध्येच थांबवायची पाळी येते आणि गाठीचं फावतं. तसं दिसलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल.

शेक घेताना मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात. गरम पाण्यातून काढलेली मऊ जाळी तोंडावर ओढली, ती निवली तशी नाकाहनुवटीला चपखल बसली. मास्तर खूश. टेप न लावता असं अंगासरसं काम त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

सुरुवात बरी गेली. मग तोंड आतून सोललं, चव गेली, मानेची कातडी काळवंडली. औषधाच्या दिवशी पोटात काही ठरेना. मास्तरीणबाई सगळं पातळ करून पुढ्यात ठेवत. मास्तर दोन चमचे घेत आणि बाईंची पाठ वळली की उरलेलं मोरीत. नळीचं नाव काढलं की म्हणत, बैलासारखी वेसण घालून दुकानात बसू होय?

आता त्या घरात माणसाची तब्येत पाहायची ती कपड्यावरून. सदरा खांद्यावरून घसरला की बाई ओळखणार, हे मास्तरांना ठाऊक होतं. म्हणून दुपारी बाई घरात असल्या की गिऱ्हाइकाचं काम म्हणून दुकानात बसत आणि स्वतःचेच सदरे, स्वतःच्याच विजारी शिवण आत घेऊन बारीक करत. बाईंना वाटे, मशीनवर बसतात म्हणजे सुधारतायत. सदरा तर कसा अंगाबरोबर बसलेला. दवाखान्यातल्या वजनकाट्यासाठी विजारीला आतून चोरखिसे लावले होते.

बायको फसली, काटा फसला. मुखवटा फसेना. शेकाच्या मशीनवरच्या मुलीने एके दिवशी तो लावला आणि गालापाशी तिचं बोट सहज आत गेलं. म्हणाली, काका, हा सैल झालाय, आत चेहरा हलला तर किरणं भलतीकडे जातील. तिने त्यांना पुन्हा काट्यावर उभं केलं आणि खिसे रिकामे करायला सांगितलं. शिलाई मशीनचे लोखंडी सुटे भाग निघाले. मागोमाग मोठी कात्री निघाली. तीच कात्री मास्तरीणबाई आठवडाभर घर पालथं घालून शोधत होत्या.

बाहेर बसलेल्या बाईंनी कात्री पिशवीत टाकली आणि मास्तरांना घरी आणलं. आल्या तशा खुंटीवरचे सदरे ओढून उलटे करायला लागल्या. मूळ टिपेच्या आत टीप, तिच्या आत टीप, तिच्याही आत टीप. आता बाई फाडून खाणार, म्हणून मास्तर कोपऱ्यात सरकले. पण बाई थबकल्या. आतलं जास्तीचं कापड जसंच्या तसं होतं. कपडा बारीक केला की आतलं कापड कापून टाकायचं, नाहीतर तो फुगतो, हे मास्तरांनीच त्यांना शिकवलेलं.

"कापलं का नाहीत?"

मास्तरांचा आवाज तर आता पुरता गेला होता. त्यांनी दोन्ही हात पोटापुढे धरून गोल केले. परत अंग भरलं तर?

"कशाने भरणार? वाऱ्याने?" बाईंनी सदरा त्यांच्या मांडीवर टाकला. "जगायचंय म्हणून कापड राखलंत ना? मग नळीला कसली लाज?"

सकाळी मास्तरांनी डॉक्टरीणबाईंसमोर बसून स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं.

नळी बसली, नवा मुखवटा झाला, आणि उपचार मध्ये न थांबता पुरे झाले. बाई नळीतून पातळ अन्न सोडत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, वेसण घातली की बैल सरळ चालतो बघा. मास्तरांना उलट उत्तर देता येत नव्हतं. संसारात पहिल्यांदाच शेवटचा शब्द बाईंचा होता, आणि त्या तो पुरेपूर वापरून घेत होत्या.

शेक संपल्यावरही काही आठवडे वाईटच गेले. मग एक घोट उतरला, मग भात. नळी निघाली. तपासणीत गाठ दिसली नाही. डॉक्टरीणबाई हसल्या, पण म्हणाल्या, तपासायला मात्र येत राहायचं. आवाज परतला तो तेल न घातलेल्या मशीनसारखा, पण होता मास्तरांचाच.

एका सकाळी सदऱ्याचं बटण काही केल्या लागेना. मास्तरांनी सदरा काढून बाईंपुढे धरला. बाईंनी सगळ्यांत आतली टीप उसवली, दोरा फुंकून टाकला.

"बाकीच्या दोन राहू देत," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "घाई नको. सावकाश भरू."

"राहू देत की," बाई म्हणाल्या. "कात्री मात्र माझ्याकडे राहील."