शेवटचा आला का?

रस्त्याच्या मधोमध उभं राहून मामा उजवी मूठ वर करायचे आणि आमची सगळी वरात जागच्या जागी थांबायची. मग ते मागं वळून, टाचा उंचावून ओरडायचे, "शेवटचा आला का?"

रांगेच्या पार टोकाला जो कुणी असेल त्यानं "आलो!" म्हणायचं. ते ऐकू आल्याशिवाय मूठ खाली येत नसे. रिक्षावाले हॉर्न वाजवून बेजार झालेत, एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून आमचा उद्धार करतोय, पुढच्या घरी आमच्यासाठी केलेला चहा गार होतोय. मामांना त्याचं काही नाही. एकदा शेवटच्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो खाली बसून दोऱ्यानं बांधत होता. तेवढा वेळ आमचा अख्खा तरुण संघ पोवई नाक्यावर गिटार गळ्यात अडकवून उभा होता.

हा तरुण संघ म्हणजे आमच्या चर्चमधल्या पोरापोरींचा. दर रविवारी चार वाजता जमायचं, गाणी म्हणायची, बायबल वाचायचं, नाताळात कॅरल राउंडला घरोघर गात फिरायचं. त्याचा प्रमुख साठीचा म्हातारा कसा, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. आधीचे प्रमुख नोकरीसाठी पुण्याला गेले आणि बाकीच्या मोठ्या माणसांना रविवारी दुपारची झोप प्यारी होती. मामांनी हात वर केला. सगळी मंडळी हसली, आणि हसता हसता ठराव पास झाला.

मामा मूळचे औंधकडचे. फौजेत ड्रायव्हर होते. आता साताऱ्यात फौजी शोधायला लांब जावं लागत नाही, दगड मारला तर एखाद्या सुभेदाराच्या अंगणात पडतो. पण ख्रिस्ती फौजी आमच्या गल्लीत हेच एक. आम्ही लोक एकमेकांना भेटलो की 'सलाम' म्हणतो, नुसतं तोंडानं. मामांचा सलाम मात्र टाच आपटून, हात कपाळाला लावून असायचा. चर्चच्या पाळकसाहेबांनाही तसाच आणि संडे स्कूलमधल्या शेंबड्या पोरालाही तसाच.

त्यांची माझी खरी ओळख झाली ती चर्चच्या पायरीवर. मी तेव्हा अकरावीत होते. आईची कारखान्यात रविवारी दुपारची पाळी असायची, त्यामुळे माझा धाकटा भाऊ अभय माझ्या गळ्यात. तो सहा-सात वर्षांचा. तरुण संघाचा नियम होता, पंधरा पूर्ण झाल्याशिवाय आत नाही. लहानांसाठी सकाळचं संडे स्कूल आहे ना, मग झालं तर. त्यामुळे आतून पेटी ऐकू यायची आणि मी बाहेर पायरीवर अभयचं नाक पुसत बसायची. एका रविवारी मामा बाहेर आले.

"आत का न्हाईस गं?"

"हा आहे ना बरोबर."

"मग त्याला घिऊन ये."

"पंधरा पूर्ण लागतात, मामा."

त्यांनी अभयकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "व्हईल की पंधराचा. आत बसून व्हईल."

मग टाच आपटून त्याला सलाम ठोकला आणि विचारलं, "साहेब, नाव काय आपलं?" अभयला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी साहेब म्हटलं होतं. तो जो आत शिरला तो आजतागायत बाहेर आलेला नाही.

धरणाचं दार एकदा उघडल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पुढच्या रविवारी कुणाची बहीण आली, कुणाचा चुलतभाऊ आला, एक तर शेजारच्या गल्लीतला, कुणाचा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. प्रार्थना लांबली की ही पोरं सतरंजीवर आडवी व्हायची. कॉलेजातली मुलं गंभीरपणे 'तरुणांपुढील आव्हाने' यावर बोलत असताना एखादी चिमुरडी उठून सांगायची, मला शू लागली. आमचा गिटारवाला कपाळाला हात लावायचा. मामा म्हणायचे, "बघ, हे बी आव्हानच हाय. जा, घिऊन जा तिला."

नव्या पोराचं स्वागत करायची त्यांची एक रीत होती. कॅरल राउंडला काठीवरचा चांदणीचा कंदील त्या वर्षीच्या सगळ्यात बारक्या पोराच्या हातात द्यायचा आणि त्याला सगळ्यांच्या पुढं चालवायचं. त्यामुळे मागच्या दांडग्यांनाही त्याच्याच पावलानं चालावं लागे. "चाल म्होरल्या बारक्याची, नजर मागल्यावर," हे त्यांचं घरचं बायबल. डोंगरातल्या रस्त्यावर फौजेच्या गाड्यांचा ताफा असाच जातो, शेवटची गाडी वळणावर दिसल्याशिवाय पहिली हलत नाही, असं ते सांगायचे.

फौजेत ठीक आहे हो. आमच्याकडं त्या वर्षी गोडोलीची घरं झाली आणि करंजे भागातली राहून गेली. लोक नवे कपडे घालून, केक कापून वाट बघत बसले होते. तक्रार झाली. मोठ्या मुलांनी तर निकालच लावला. ही चिल्लीपिल्ली राहणार असतील तर आम्ही नाही, म्हणाले. चर्चच्या कमिटीनं मामांना बोलावलं. संघाची सेक्रेटरी म्हणून मलाही जावं लागलं. त्या कमिटीत काय ठरतंय यावर माझं आत असणं नाहीतर पुन्हा पायरीवर बसणं अवलंबून होतं.

कमिटीचे चिटणीस म्हणजे आमचे काका. सख्खे नव्हेत, सगळ्या चर्चचेच काका. सरकारी कचेरीत नोकरी, नियमाला पक्के, बोलणं मोजकं. त्यांनी नियम वाचून दाखवला आणि म्हणाले, "मामा, लहानांना समजावून घरी पाठवायला काय हरकत आहे?"

मामा उभे राहिले. मला वाटलं आता फौजेचा ताफा निघणार. पण ते अगदी हळू बोलले.

"नियम तुमी ठरवा. म्या मोडनार न्हाई. फकस्त बारक्याला 'घरी जा' म्हनू नगा. ती घरी जात न्हाईत. मागनं येत्यात."

पाळकसाहेब खाली बघू लागले. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. मला काहीच कळेना. शेवटी काका म्हणाले, "लहानांना घ्या आत." आणि इतर विषय तसेच ठेवून उठून गेले.

घरी आल्यावर आईनं सांगितलं. तिलाही ते ऐकूनच माहीत होतं.

मामांना एक मुलगा होता. मामा तेव्हा सरहद्दीवर होते. इकडं तरुण संघाची मुलं एका सुट्टीत कृष्णेवर सहलीला निघाली. हा सात-आठ वर्षांचा पोरगा, मीही येणार म्हणून मागं लागला. मोठी मुलं म्हणाली, तू लहान आहेस, घरी जा. आणि पुढं निघून गेली. तो घरी गेला नाही. मागून चालत राहिला. कुणी मागं वळून बघितलं नाही. मोठी मुलं पोहून, जेवून परत आली, आणि संध्याकाळी मामी पोराला शोधत दारोदार फिरायला लागल्या तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं. त्याच्या चपला नदीच्या घाटाच्या अलीकडं मिळाल्या, आणि पुढं पाण्यात तो. मामांना तार पोचून ते येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांनी पोराचं तोंडही पाहिलं नाही.

"घरी जा म्हणणारा कोण होता माहितेय?" आई म्हणाली. "तुमचे काका. सोळा वर्षांचे असतील तेव्हा."

त्या दिवशी मला राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. काकांवर काढावा तर त्यांच्या लग्नात नवरदेवाची जीप मामांनीच चालवली होती, हेही आईनंच सांगितलं. काका मात्र त्या सहलीनंतर तरुण संघाबरोबर कधी कुठं चालत गेले नाहीत. दर नाताळात आम्ही त्यांच्या दारात गायचो, काकू करंज्यांचं ताट फिरवायच्या, काका उंबऱ्यात उभं राहून ऐकायचे. आम्ही निघालो की ते फाटकापर्यंतही येत नसत. मला आधी तो माज वाटायचा.

धिटाई अंगात आली तेव्हा मी एकदा मामांना विचारलंच. आम्ही दोघं सतरंज्या गुंडाळत होतो.

"मामा, तुम्हाला काकांचा राग नाही आला कधी?"

त्यांनी सतरंजीची सुतळी बांधून पुरी केली. "आला की. लय आला. दोन वर्सं त्या घरावरनं गेलो न्हाई मी." मग सतरंजी भिंतीशी ठेवत म्हणाले, "पर त्ये बी पोरगंच हुतं गं. त्यालाबी कुनी आत घ्याया नगं?"

मग डोळे पुसले, माझ्यासमोरच, चोरून नाही.

पुढं माझं नर्सिंग झालं आणि मला सांगलीला नोकरी लागली. संघातली मोठी मुलं शिकली की पुण्याची वाट धरायची, आणि त्यांच्या जागी खालची वर सरकायची. मोठी नाहीत म्हणून संघ बंद पडला असं आमच्याकडं कधी झालं नाही, कारण मोठी होणारी आतच बसलेली असायची. अभय पंधराचा झाला, आत बसून झाला, आणि पुढं साताऱ्यातच नोकरी धरून संघाचं सगळं बघू लागला.

मामांचे गुडघे गेले. तरी कॅरल राउंड चुकवायचे नाहीत. काठी टेकत सगळ्यांच्या मागं राहायचे, आणि दरवर्षी थोडे जास्तच मागं. तेव्हा कुणी शिकवलं नसताना, पुढं कंदील धरणाऱ्या बारक्या पोरानंच मूठ वर करायला सुरुवात केली. चिरक्या आवाजात ओरडायचं, "शेवटचा आला का?" आणि पार लांबून, अंधारातून मामांचा आवाज यायचा.

"आलो रं, आलो. पळून जातुया व्हय मी?"

सगळी हसायची. मामाही हसायचे. दमलेले असायचे, पण त्या हाकेला ओ देताना त्यांच्या तोंडावर जे दिसायचं ते मी विसरणार नाही. आपल्यासाठी कुणीतरी थांबलंय एवढंच ते होतं.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना मामा गेले. झोपेतच. अभयचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होते, मिळेल ती गाडी पकडून आले. शवपेटी उचलायला सगळ्या वर्षांची मुलं होती, पुण्याहून, मुंबईहून आलेली. आमचा गिटारवालाही होता, कपाळाला हात लावून. मामांना त्यांच्या पोराशेजारी ठेवलं. काका कबरीपासून लांब, कडुनिंबाखाली उभे होते. सगळ्यांनी माती टाकली तरी ते पुढं आले नाहीत.

डिसेंबरात मी मुद्दाम रजा काढून कॅरल राउंडला आले. अभयनं वेळ संध्याकाळची पाचचीच ठेवली होती, लहानांसाठी. चांदणीचा कंदील दुसरीतल्या एका मुलीकडं होता. ती त्याच वर्षी संघात आलेली, काठी तिच्या दुप्पट उंच. गाणी झाली, घरं झाली. काकांच्या दारातही गायलो. ते नेहमीसारखे उंबऱ्यात उभे. गाणं संपलं, करंज्या खाल्ल्या, आम्ही निघालो.

करंजे भागाकडच्या वळणावर त्या मुलीनं काठी डाव्या हातात घेतली, उजवी मूठ वर केली आणि मागं वळून ओरडली, "शेवटचा आला का?"

मामा गेलेत हे तिला ठाऊक होतं. पण थांबून विचारायचं असतं, एवढंही तिला ठाऊक होतं.

रांगेच्या शेवटी जी दोन कॉलेजची मुलं होती ती एकमेकांकडं बघू लागली. त्या जागेवरून 'आलो' म्हणायला त्यांची जीभ उचलेना. अभयनं तोंड फिरवलं. मला हुंदका आवरेना. बाजूनं गाड्या जात होत्या, हॉर्न वाजत होते, आणि पोरीची मूठ काही खाली येईना. तिनं आणखी जोरात विचारलं, "शेवटचा आला का?"

तेवढ्यात त्या दोन मुलांच्याही मागून, दिव्याच्या खांबापलीकडून आवाज आला.

"आलो."

काका होते. पायात घरातल्याच सपाता, अंगात घरातलाच स्वेटर. त्यांच्या घरापासून एवढं अंतर ते आमच्या मागून चालत आले होते आणि आमच्यापैकी कुणालाच पत्ता नव्हता. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा, तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "आलो, बाळ. मी आलो."

पोरीनं मूठ खाली घेतली, कंदील दोन्ही हातांनी नीट धरला, आणि आम्ही तिच्या चालीनं पुढच्या घराकडं निघालो.