बोहाड्याच्या दुसऱ्या दिवशीची परीक्षा

आमचं गाव जव्हारकडून जाताना खोडाळ्याच्या अलीकडे. घरातला पहिला पदवीधर मी. जव्हारला बी.एस्सी. केलं, आश्रमशाळेतल्या सरांनी जाहिरात दाखवली म्हणून मुंबईला विमान कंपनीत लागलो आणि पुढे विमान दुरुस्तीचं लायसन्स मिळवलं. त्या सरांचे उपकार मी विसरलेलो नाही.

हे लायसन्स एकाच जातीच्या विमानापुरतं असतं. दोन हजार सालानंतर कंपनीने आमची जुनी विमानं एकेक करून मोडीत काढली. नव्या विमानांच्या प्रशिक्षणाला तरुण मुलं गेली. आम्ही पस्तिशी ओलांडलेले हँगरमधल्या बाकावर चहा घेऊन बसायचो. आमच्या विभागाचे साहेब भले होते. त्यांनीच सांगितलं, "नियोजन विभागात जागा निघतेय. पण पदव्युत्तर पदवी हवी. लवकर कर." मग आम्ही काही जणांनी विमान वाहतूक व्यवस्थापनाच्या वर्गात नावं घातली. हौसेने कोणीच शिकत नव्हतं.

होळीनंतर गावी गेलो तर बोहाडा, म्हणजे देवांचे मुखवटे घालून रात्रभर नाचायचा उत्सव, ठरलेला. आमच्याकडे बोहाड्यातलं एकेक सोंग एकेका घराण्याचं असतं. आमच्या घराचं भैरोबाचं. जड लाकडी मुखवटा बांधून संबळावर पहाटेपर्यंत नाचायचं. वडिलांचे गुडघे गेले होते, आणि मी एकुलता एक. यंदा सोंग मी घ्यायचं होतं. पण ते शनिवारी रात्री होतं, आणि रविवारी सकाळी मुंबईत माझा शेवटचा पेपर.

वडील ओट्यावर मुखवटा रंगवत होते. मी पेपरचं सांगितलं.

"या वयात कसली परीक्षा?"

"बाबा, जुनी विमानं बंद झाली. माझं लायसन्स त्यांचंच आहे."

"इमान जुनं झालं तं इमान बदला. माणसाला कशाला शाळंत घालतात?"

शेजारचे काका हसले. "सायेब झालाय तो. भैरोबाकडं रजेचा अर्ज टाक म्हणावं!"

वडील हसले नाहीत. "घरचं कोणी उभं नाय राहिलं तं पंच सोंग दुसऱ्या घरी देतील. मंग ते परत येत नाय."

"पेपर चुकला तर वर्ष जाईल, बाबा. तोवर ती जागा राहणार नाही. पोरांची शिक्षणं आहेत."

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, बराच वेळ ढवळत राहिले. "जा मंग," एवढंच म्हणाले.

मी पेपर दिला. संध्याकाळी गावातल्या फोनवरून कळलं, रात्री वडील स्वतःच मुखवटा बांधून उभे राहिले होते. नाचत देवळापर्यंतही पोचले नाहीत, वाटेतच खाली बसले. पंचांनी तिथंच त्यांचा मुखवटा सोडवून शेजारच्या काकांच्या थोरल्या मुलाला बांधला.

पुढच्या सुट्टीत घरी गेलो. वडिलांनी विचारलं, "पेपर बरा गेला का?"

"गेला."

"बरं झालं."

मी पास झालो, नियोजन विभागात गेलो. बाकावरच्या काही सोबत्यांची नोकरी गेली, माझी राहिली. मुलं शिकली.

ते सोंग आता शेजारच्या घराचं आहे. वडील असेपर्यंत दर वर्षी बोहाड्याला जायचे आणि त्या मुलाच्या डोक्याला मुखवटा स्वतः बांधून द्यायचे. दोरी कुठं आवळायची, कुठं सैल ठेवायची, ते त्यांनाच माहीत होतं. हे मला आई सांगायची. बोहाड्याच्या दिवसांत मी गावी परत कधी गेलो नाही.